नागोरावाचा पुकारा

माझी सून पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मागच्या दिवाळीत फराळाला बसली आणि तिचा फोन वाजला. ताट तसंच सोडून खोलीत गेली, ती दिवेलागणीलाच बाहेर आली. तोंड एवढंसं झालेलं. मी विचारलं, काय गं, कुणाचं काही झालं का? म्हणाली, नाही आई, सर्व्हर बसला होता, कुणीतरी नसलेली नावं विचारून विचारून त्याला बेजार केलं.

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. का, ते तिला कळणं शक्य नव्हतं. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, बाई, हे नीट समजावून सांग मला.

तिनं सांगितलं ते असं. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव टाकलं की त्याचा आकडा काढून देणारा एक कारकुनी प्रोग्राम असतो, त्याला नावांचा सर्व्हर म्हणतात. त्याला माहीत असलं तर तो लगेच सांगतो, नसलं तर दुसऱ्याला विचारतो, दुसरा तिसऱ्याला विचारतो. कुणी मुद्दाम खोटीच नावं विचारत सुटलं की हा बिचारा प्रत्येक नावासाठी दारोदार फिरतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. वाट बघायच्या त्याच्या जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की खऱ्या गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. जुन्या प्रोग्रामात तर आणखी एक खोड असायची. एकानं विचारलेलं नाव फिरून फिरून परत त्याच्याकडेच यायचं, आणि ते आपणच विचारलंय हे त्याला कळायचंच नाही.

"म्हणजे तो बंद पडत नाही," मी म्हटलं, "गुंतून पडतो."

तुम्हाला कसं कळलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं, मी उभा जन्म तेच काम केलं.

मी टेलिफोन ऑपरेटर होते. गाव पूर्णेपासून फार लांब नाही, पण त्याचं नाव सांगणार नाही. या हकिकतीत नावं जितकी कमी तितकं बरं. नागोराव हेसुद्धा मीच ठेवलेलं नाव आहे.

आमचं एक्स्चेंज म्हणजे भाड्याच्या घरातली एक लांबट खोली, खिडकीबाहेर कडुनिंब आणि त्याखाली एक बाक. खोलीत लाकडी बोर्ड. ज्याच्या घरी फोन, त्याच्या नावाचं बोर्डावर एक भोक आणि भोकावर पितळी झडप. त्यानं घरी फोनचं हँडल फिरवलं की इकडे झडप खट्‌कन पडायची. मी वायर खुपसायची आणि विचारायची, "नंबर?" नंबर कुणीही द्यायचं नाही. "बाई, डॉक्टरला द्या." "आडतीवर आप्पा हायत का बघा." आप्पा सोमवारी दुपारपर्यंत महादेवाच्या देवळात असायचे, म्हणून सोमवारी मी आडतीवर घंटीच द्यायची नाही, परस्पर सांगून टाकायची. डॉक्टर कुठल्या वेळी कुठं जेवतात हे त्यांच्या बायकोआधी मला ठाऊक असायचं. गावानं आम्हाला फार मान दिला असं नाही, पण आमच्यावाचून गावाला एकमेकांचा पत्ता लागत नव्हता, हेही खरं. पुढे नामांतर झालं त्या सुमारास आमचा बोर्ड निघाला आणि आपोआप चालणारी कपाटं आली. त्यांना नावं कळत नव्हती. मला त्या कपाटांचा राग यायचा, अजूनही येतो.

बाहेरगावी जायला आम्हाला दोनच लायनी होत्या. एक वरच्या मोठ्या एक्स्चेंजला जायची, दुसरी खेड्यांकडे. खेड्यात फोन असायचा तो पोस्टात. तिथल्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या नावानं कॉल लावायचा. मग पोस्टमास्तर कुणाला तरी पिटाळून त्याला शेतातून बोलावून आणायचा, आणि तो येईपर्यंत आमची लाइन अडकून राहायची. एका गावात माणूस नसला तर "पुढच्या गावी बघा" म्हणून तोच कॉल पुढे सरकायचा.

यात आमची एक रीत होती. कोरडं "नाही" म्हणायचं नाही. घरातले तांदूळ संपले तरी आमच्या आया "वाढले" म्हणायच्या, "नाही" हा शब्द उंबऱ्याच्या आत घेत नसत. तीच सवय आम्ही बोर्डावर आणली होती. कुणी विचारलं आणि आपल्याकडे माणूस नसला, तर "बघते, विचारते" म्हणायचं आणि खरंच दुसऱ्याला विचारायचं. याचा मला अभिमान होता. सुनेच्या भाषेत हीच आमची कमजोरी होती.

नामांतराची पहिली दंगल झाली त्यानंतरचा उन्हाळा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं म्हणून मराठवाड्यात काय काय जळलं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर पुष्कळांनी ते माहीत नसल्यासारखं केलं, तेही मी बोर्डावर बसून ऐकलं आहे. एका दुपारी खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. गयाबाई. तिच्या गावातली वस्ती जळली तेव्हा तिचा तरणा मुलगा निघून गेला होता, तो परत आला नव्हता. ती आता आमच्या गावी रेल्वेच्या रुळापलीकडे बहिणीजवळ राहत होती. मुलाला फोन लावा म्हणाली. कुठल्या गावाला, मी विचारलं.

"ते ठाव असतं तर म्या चालत गेले नसते का?" ती म्हणाली. "तुमच्या तारा समद्या गावाला जात्यात. तुमीच इचारा, नागोराव कुटं हाय."

गावाचं नाव नसलेला कॉल घ्यायचा नाही, असा नियम होता. मी घेतला. आजही घेईन.

वरच्या एक्स्चेंजला सरोज होती. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण तिचं लग्न, बाळंतपण, सासूची कटकट, सगळं मला तारेवरून ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, नागोराव नावाचा मुलगा आहे, जरा बघा ना, कुठंतरी असेल बिचारा. तिनं तिच्या खालच्या एक्स्चेंजांना विचारलं, त्यांनी खेड्यांना. दुपारच्या उन्हात गाव चिडीचूप असायचं, एकही झडप पडायची नाही, लायनी मोकळ्या. त्या वेळात आम्ही विचारायचो. गयाबाई रोज दुपारी येऊन बाकावर बसायची. खिडकीतून मला तिच्या पदराचा काठ दिसायचा, आणि तो दिसतोय तोवर कॉल रद्द करायला माझा हात धजायचा नाही.

पहिल्यांदा मला काही वावगं वाटलं नाही. मग एका दुपारी खेड्याच्या लायनीची झडप पडली. ज्याला मी कधीच विचारलं नव्हतं असा एक पोस्टमास्तर मला विचारत होता, नागोराव तुमच्याकडं हायत का? मी म्हटलं, कोण विचारतंय? म्हणाला, वरून इचारायलेत. वर विचारलं तर सरोज म्हणाली, मला पलीकडच्या एक्स्चेंजनं विचारलं. पलीकडचा म्हणाला, आम्हाला खेड्यानं. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी होतं आणि सुरुवातीला कुणीच नव्हतं. मी दोन दिवस कुणालाच विचारलं नव्हतं, तरी नाव फिरत होतं.

उत्तरंही यायला लागली. कुणी म्हणालं, काल होता इथं. कुणी म्हणालं, तो गेला की मागच्या साली, मातीला आमी व्हतो. एकानं "कोन इचारायलंय, पोलीस का?" म्हणून फोन आपटला. पालमकडून निरोप आला की तो पेडगावला आहे, पेडगावला विचारलं तर म्हणे पालमला बघा. यातलं एकही मी गयाबाईला सांगितलं नाही. तीही विचारायची नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघायची.

मग ती दुपार आली. झडप पडली, मी वायर लावली आणि एक अनोळखी पुरुषी आवाज म्हणाला, "नागोराव आहे का? जरा बघा ना, कुठंतरी असेल बिचारा."

ते माझं वाक्य होतं. शब्द न् शब्द माझा. "बिचारा" म्हणताना मी जो हेल काढते तोसुद्धा. मी त्याला विचारलं, असं विचारायला तुम्हाला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "असंच इचारत्यात ना त्याला."

आमचे लाइनमन रशीदभाई. त्यांना वाटलं तारा कुठं तरी एकमेकींना चिकटल्या असतील. ते खांबांवर चढून सगळी लाइन बघून आले, सायकल भिंतीला टेकवली, घटाघटा पाणी प्यायले. "तार साफ हाय बाई," म्हणाले, "लेकिन कान लगाए तो सब वहीच नाम ले रहे. इस नाम को अब छोड दो." रशीदभाई विंचवाला हातानं उचलून बाहेर टाकणारा माणूस. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सोडणार कशी? त्याच आठवड्यात फिरत फिरत कॉल कुठल्या तरी खेड्यात पोचला आणि तिकडचा माणूस म्हणाला, "हाय. थांबा." मध्ये तीन एक्स्चेंज जोडलेले, खेडं कुठलं ते मधल्या कुणालाच सांगता येईना. मी कान लावून बसले. झाडाची पानं वाजत होती, लांब कुठं तरी मोटेवर कुणी बैलांना हाकत होतं. मग पावलं जवळ आली आणि कुणीतरी फोन कानाला लावला. श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "नागोराव?" उत्तर नाही. मी पुन्हा नाव घेतलं. श्वास तसाच चालू होता, मग फोन अगदी हळू खाली ठेवला गेला. मागून त्या लायनीवर जो कुणी आला तो म्हणाला, इथं कोन आलं न्हाई, तुमाला भास झाला.

मी वळून पाहिलं तर गयाबाई बाकावरून उठून खिडकीच्या गजांना धरून उभी होती. तिला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"आला व्हता ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली. म्हटलं, बोलला नाही काही.

"श्वास घेत व्हता का?"

"हो."

"मंग हाय," म्हणाली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.

यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी डॉक्टरांच्या घरची झडप पडली. बाळंतिणीला रक्तस्राव थांबत नव्हता, मोठ्या दवाखान्याला ताबडतोब कळवायचं होतं. मी वरची लाइन घेतली. तिच्यावर नागोराव. खेड्याची घेतली. तिच्यावरही नागोराव, आणि एक नव्हे, तीन-चार आवाज एकमेकांना तेच विचारत होते. मी म्हटलं, लाइन सोडा, बाई मरतेय. एक आवाज शांतपणे म्हणाला, नागोराव का? न्हाई सापडला अजून. मी किंचाळले तेव्हा कुठं एक वायर निघाली. डॉक्टरांनी तोवर वाट न बघता बाईला स्वतः गाडीत घालून नेलं होतं म्हणून ती वाचली. आमच्यामुळे नव्हे.

आमचे साहेब मुळे म्हणून होते. तापट, पण अन्यायी नव्हते. त्यांनी सगळ्या एक्स्चेंजांना फोनवरून हुकूम दिला. नागोराव हे नाव कुणीही, कुठूनही विचारलं तर एकच उत्तर द्यायचं, या नावाचा माणूस नाही. शोधायचं नाही, पुढे विचारायचं नाही, वायर काढायची. मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, बाई, एका नावापायी मी सगळा तालुका मुका ठेवू का?

उपाय लागू पडला. प्रत्येक ठिकाणी नावाला "नाही" भेटलं आणि ते फिरायचं थांबलं. सून म्हणते, आम्हीही हेच करतो, "नाही" हे उत्तर लक्षात ठेवतो, म्हणजे पुन्हा शोधावं लागत नाही. पण आई, ती म्हणाली, त्या "नाही"ला मुदत घालतो. मुदत संपली की पुन्हा विचारायचं, कारण आज नसलेलं उद्या असू शकतं. मुळे साहेबांनी मुदत घातली नव्हती.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ती शांतता जास्त भयाण वाटायला लागली. दुपारी झडपा बंद, वारा पडलेला, आणि बाहेर बाकावर गयाबाई. तिला मी काही सांगितलं नाही. ती यायची, मी म्हणायची, मावशी, फोन लागायलाय, बसा. ती बसायची.

पोळा तोंडावर आला होता. एका दुपारी आडतीच्या आप्पांना बाहेरगावी बोलायचं होतं, म्हणून मी वरची लाइन उचलली तर तिच्यावर सरोज कुणाशी तरी बोलत होती. मी थांबले. पलीकडे एक पुरुष, आवाज खालचा, जपून बोलणारा. तो विचारत होता, बाई, ते नागोरावाला रोज इचारायचे ना, ते आता इचारीनात का?

"या नावाचा माणूस नाही," सरोज म्हणाली.

"न्हाई कसा बाई?" तो म्हणाला. "म्या बोलायलोय."

"सांगितलं ना, नाही." तिचा आवाज सपाट होता. ती दुष्ट नव्हती, हुकुमानंतरच्या पहिल्या दिवसांत शंभरदा म्हणून म्हणून तिच्या तोंडाला ते बसलं होतं. तिचा हात वायरीकडे गेला असणार, कारण लायनीवर ती ओळखीची खरखर झाली.

"सरोज, ओढू नको," मी ओरडले. तिनं ओढली नाही.

त्याचं सगळं एकदम बाहेर आलं. तो एका खेड्यात दुसऱ्याच नावानं राहत होता. जुनं नाव ऐकलं की गाव कळतं, गाव कळलं की बाकी सगळं कळतं, म्हणून त्यानं ते टाकून दिलं होतं. उन्हाळ्यात पोस्टासमोर ते नाव पुकारलेलं ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, गावचे लोक मागावर आले. पळून जावं असं वाटत होतं, तरी एकदा हिय्या करून, तो मीच म्हणून सांगून, फोनजवळ गेला. बाईमाणसाचा आवाज ऐकला आणि फोन ठेवून दिला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोस्टाच्या माणसाला त्यानं हातापाया पडून गप्प केलं. मग त्याच्या ध्यानात आलं, इतक्या चिवटपणानं त्याला शोधणारं जगात एकच माणूस आहे. तेव्हापासून तो दुपारचा पोस्टाजवळच्या झाडाखाली जाऊन बसायला लागला. पुढे यायची हिंमत नव्हती, नुसतं ऐकायचं.

"रोज पुकारा व्हायचा," तो म्हणाला. "वाटायचं, माय हाय. मंग एकदम बंद झाला. बाई, माय गेली का?"

तिकडे सरोज रडत होती, मला ऐकू येत होतं. मी खिडकीतून हाक मारली, मावशी, आत या.

बाहेरच्या माणसाला बोर्डाच्या खोलीत घ्यायचं नाही, हाही नियम होता. मी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून गयाबाईच्या डोक्यावर घातला. तिचा पदर त्यात अडकला, तो तिनं सोडवला नाही. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. काय ऐकत होती ते मला दिसत होतं. तिची छाती ज्या लयीत वरखाली होत होती, ती तिची स्वतःची नव्हती.

"आता तुला कोन्या नावानं हाक मारू रं?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं असावं. तिचे ओठ हलले. तिनं ते नाव आधी मनात म्हटलं, मग मोठ्यानं म्हटलं, चाचरत, नव्या सुनेनं सासरच्या माणसाचं घ्यावं तसं. दुसऱ्यांदा म्हटलं ते मात्र हाक मारल्यासारखं. आणि पलीकडून त्यानं ओ दिली, ती मला हेडफोन कानाला नसतानाही ऐकू आली.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. त्यानं ते त्या दिवशी तिघींना सांगितलं आणि आम्ही तिघींनी ते जपलं. सरोज मला पुढे खूप वर्षांनी प्रत्यक्ष भेटली, तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मी त्याला त्याच्या तोंडावर सांगितलं गं, तू नाहीस म्हणून." मी तिला पुष्कळ समजावलं, पण तिचं मन शेवटपर्यंत निवलं नाही.

गयाबाईनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. पदर सारखा केला. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. बोर्डावरच्या त्या सगळ्या भोकांकडे, झडपांकडे तिनं एकदा नीट पाहून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "हे नवं नाव तुमच्या ध्यानात ऱ्हाऊ द्या. म्या पुन्यांदा इचाराया आले, तर न्हाई म्हनू नका."